शेजारच्या देशात तीन दिवस

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला ‘परदेशातील अनुभव’ असा विषय दिला आणि वर बजावले की, अर्ध्या तासापेक्षा जास्त बोलायचे नाही. आमचे हे जवळच बसले होते. ते म्हणाले, ‘‘दोन वर्षे अर्ध्या तासात? हिला पाच मिनिटे प्रास्ताविकालाच लागतात!’’ तेव्हा मी मनाशी ठरवले की, सिंगापूरच्या उंच इमारती, जमिनीखालून धावणाऱ्या गाड्या आणि रस्त्यांवरची स्वच्छता ह्यांचे वर्णन करीत बसायचे नाही. ते सारे आपण कोठे ना कोठे वाचलेले, निदान पडद्यावर तरी पाहिलेले असतेच. मी आज सांगणार आहे ती एका लहानशा सहलीची हकीगत. सहल अवघ्या तीन दिवसांची होती, पण आमच्या घरात चाललेल्या एका वादाचा निकाल तिने लावला, आणि तो वाद आपल्यापैकी पुष्कळ जणींच्या घरी आज ना उद्या यावयाचाच आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगते. जून २०२३ मध्ये आम्ही दोघे मुलाकडे सिंगापूरला गेलो. मुलाच्या नोकरीच्या परवान्यावर आम्हांलाही दीर्घ मुदतीचा राहण्याचा परवाना मिळाला, आणि मे २०२५ पर्यंत आम्ही तेथे राहिलो. घरात मुलगा, सूनबाई आणि नात. नात तेव्हा आठ वर्षांची. सिंगापूरच्या शाळेत शिक्षण इंग्रजीतून होते, पण प्रत्येक मुलाला एक मातृभाषाही शिकावी लागते. देशाच्या अधिकृत भाषा चार : इंग्रजी, मलाय, चिनी आणि तमिळ. भारतीय मुलांना तमिळऐवजी हिंदी, बंगाली, गुजराती, पंजाबी किंवा उर्दू घेता येते. ह्या यादीत मराठी नाही. त्यामुळे तेथल्या बहुतेक मराठी घरांत मुलाची आई मराठी बोलते आणि शाळेच्या वहीवर त्याची ‘मातृभाषा’ म्हणून हिंदी लिहिलेली असते! आमच्या नातीचेही तसेच होते.

आता वाद काय होता तो ऐका. मुलाच्या ओळखीच्या एका हितचिंतकाने त्याला सल्ला दिला होता की, लहान मुलीच्या डोक्यावर तीन-तीन भाषांचे ओझे कशाला? इंग्रजी आणि हिंदी शाळेला हवीच, तर घरी मराठी बंद करा, म्हणजे मुलीची हिंदी सुधारेल. मुलाला ते पटू लागले होते. तो मला म्हणे, ‘‘आई, मराठीने तिला येथे एकही गुण मिळत नाही.’’ त्याचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. त्या पोरीचे दप्तर आणि वेळापत्रक मी रोज पाहत होते. सूनबाई दोन्ही बाजूंनी विचार करीत होती. आणि मला एकच चिंता होती की, आम्ही दोघे आज ना उद्या कन्हानला परतणार. आम्ही गेल्यावर ह्या घरात मराठी कोण बोलेल? आताच नात आमच्याशी अर्धे इंग्रजीत बोले. मी मराठीत विचारावे आणि तिने इंग्रजीत उत्तर द्यावे, असा आमचा संवाद चाले. प्रेमात कोठे कमी नव्हती, पण मनातले सांगावयाची वेळ आली की तिचे शब्द संपत.

अशा स्थितीत सप्टेंबरची सुटी आली. त्या सुमारास तेथल्या शाळांना आठवडाभर सुटी असते. मुलगा म्हणाला, ‘‘तीन दिवस मलाक्याला जाऊन येऊ.’’ मलाक्का म्हणजे मलेशियातले जुने बंदर. तेथले लोक त्याला मेलाका म्हणतात. सिंगापूरहून अंतर सुमारे २४० किलोमीटर, म्हणजे साधारण नागपूरहून अकोल्याला जावे एवढेच. फरक इतकाच की, वाटेत देश बदलतो.

भारतीयांना मलेशियात जाण्यासाठी पूर्वी व्हिसा काढावा लागे. १ डिसेंबर २०२३ पासून तीस दिवसांपर्यंतच्या मुक्कामासाठी ती अट शिथिल झाली, म्हणून आमचे काम सोपे झाले. ही सवलत मुदतीची आहे, तेव्हा जाणारीने आधी चौकशी करावी हे बरे. आगमनाचा एक अर्ज मात्र जाण्यापूर्वीच्या तीन दिवसांत संगणकावर किंवा मोबाइलवर भरून ठेवावा लागतो. तो सूनबाईने पाचही जणांचा भरला.

३१ ऑगस्ट २०२४ च्या पहाटे आम्ही बसने निघालो. मी रात्रीच धपाटे आणि दशम्या करून घेतल्या होत्या, कारण प्रवासाला निघताना डबा रिकामा ठेवणे आपल्याला कोठले जमायला! तो दिवस मलेशियाच्या स्वातंत्र्याचा होता. मलाया १९५७ साली ह्याच तारखेला स्वतंत्र झाला. त्यामुळे गर्दी विचारू नका. सिंगापूर हे बेट, आणि ते मलेशियाच्या जोहोर प्रांताला एका बांधरस्त्याने जोडलेले आहे. हा रस्ता १९२४ साली रीतसर खुला झाला, म्हणजे आम्ही गेलो त्याच वर्षी त्याला शंभर वर्षे पुरी झाली होती. लांबी सुमारे एक किलोमीटर, पण जगातल्या सर्वांत गजबजलेल्या सीमांपैकी ती एक आहे. सामानासह बसमधून उतरावयाचे, सिंगापूरच्या चौकीत पासपोर्ट दाखवायचा, पुन्हा बसमध्ये बसून पाणी ओलांडायचे, पुन्हा सामानासह उतरायचे, मलेशियाच्या चौकीत रांग लावायची आणि मग पुन्हा बस गाठायची. बस फार वेळ थांबत नाही, म्हणून प्रत्येकाचे एक डोळा रांगेवर आणि एक घड्याळावर.

येथे एक गंमत झाली. मलेशियाच्या चौकीत बोटांचे ठसे घेतात. ह्यांचे ठसे काही केल्या यंत्राला उमटेनात. चौतीस वर्षे कोळशाच्या खाणीत काम केलेले हात ते, बोटांवरच्या रेषाच झिजलेल्या! तेथल्या अधिकारी बाईने ओल्या कागदाने बोटे पुसायला लावली, पुन्हा पुन्हा यत्न केला, आणि चौथ्या वेळी ठसा उमटला. नात ह्यांचा हात हातात घेऊन निरखून पाहत होती. आजोबांच्या हातावर असे काही आहे हे तिला त्या दिवशी प्रथमच कळले.

बांधरस्त्यावरून जाताना मुलाने खिडकीतून मोठमोठे नळ दाखवले. सिंगापूरच्या पाण्याचा मोठा हिस्सा जोहोर नदीतून येतो. १९६२ साली झालेल्या कराराप्रमाणे सिंगापूरला रोज २५ कोटी गॅलनपर्यंत पाणी घेता येते, आणि तो करार २०६१ पर्यंतचा आहे. दर हजार गॅलनला मलेशियाचे तीन सेंट. त्यातले थोडे पाणी शुद्ध करून सिंगापूर जोहोरलाच परत विकते, ते हजार गॅलनला पन्नास सेंटांनी. दोन्ही देशांत ह्या दरावरून वर्षानुवर्षे कुरबुर चालत आलेली आहे. हे ऐकून आमचे हे लगेच म्हणाले, ‘‘म्हणजे जोहोर ही ह्यांची कन्हान झाली म्हणा की!’’ नागपूर शहर आपल्या कन्हानचे आणि पेंचचे पाणी पिते, हे आपण जाणतोच. नदीकाठच्या गावाला ह्यातला अभिमान आणि ह्यातली कुरबुर दोन्ही कळतात. आम्हांला तरी जोहोरच्या लोकांचे मन समजायला वेळ लागला नाही.

आणखी एक मौजेचा नियम. सिंगापूरची मोटार सीमेपलीकडे न्यायची तर तिच्या टाकीत पाऊण टाकी पेट्रोल असलेच पाहिजे, नाही तर दंड होतो. मलेशियात पेट्रोल पुष्कळ स्वस्त आहे, तेव्हा लोकांनी रिकामी टाकी नेऊन भरून आणू नये म्हणून हा बंदोबस्त. एका सिंगापुरी डॉलरचे तेव्हा सव्वातीन रिंगिटांच्या वर येत, त्यामुळे सीमा ओलांडताच सगळ्यांच्या पिशव्या एकदम मोठ्या होतात. बाजारहाटाचा मोह हा काही एका देशाचा नव्हे!

जोहोर मागे पडले आणि दोन्ही बाजूंनी तेलमाडांच्या बागा सुरू झाल्या. मैलच्या मैल एकच झाड. वेळ जावा म्हणून मी पाट्या वाचू लागले. मलाय भाषा आता रोमन लिपीत लिहितात, त्यामुळे अक्षरे लावता येत. आणि काय आश्चर्य सांगू! भाषेला तेथे ‘बहासा’ म्हणतात. भूमीला ‘बुमी’, चेहऱ्याला ‘मुका’ म्हणजे आपले मुख, डोक्याला ‘केपाला’ म्हणजे कपाळ, पापाला ‘दोसा’ म्हणजे दोष, साखरेला ‘गुला’ म्हणजे आपला गूळ. बायकोला ‘इस्तेरी’ आणि नवऱ्याला ‘सुआमी’. ह्या शेवटच्या शब्दावर आमचे हे फार खूष झाले आणि तीन दिवस त्यांनी मला दुसऱ्या नावाने हाक मारूच दिली नाही! सिंगापूर हे नाव तर सरळ सिंहपूरच आहे. हे शब्द कोणा राजाने तलवारीने नेलेले नाहीत. व्यापारी, भिक्षू आणि पुरोहित ह्यांच्याबरोबर शेकडो वर्षांत ते तेथे गेले आणि तेथलेच झाले.

मलाक्का ह्या नावाचीही एक कथा आहे. परमेश्वर नावाचा एक राजपुत्र सिंगापूरहून परागंदा होऊन इ. स. १४०० च्या सुमारास ह्या किनाऱ्यावर आला. एका झाडाखाली बसला असता त्याने पाहिले की, एका इवल्याशा हरणाने त्याच्या शिकारी कुत्र्याला लाथ मारून नदीत लोटले. जेथे हरिणही असे शूर, तेथेच राज्य करावे असे त्याने ठरवले, आणि ज्या झाडाखाली तो बसला होता त्याचे नाव गावाला दिले. ते झाड होते ‘मेलाका’, म्हणजे आपला आवळा! ज्या आवळ्याखाली आपण कार्तिकात पंगती घालतो, त्याच्या नावाचे गाव समुद्रापलीकडे आहे हे ऐकून मला मोठी मौज वाटली.

गाव फार देखणे आहे. मधून नदी वाहते, दोन्ही काठांवर जुनी घरे, आणि चौकात डचांनी बांधलेल्या लालभडक इमारती. तीन चाकांच्या सायकली कागदी फुलांनी मढवलेल्या असतात आणि त्यांवर गाणी इतक्या मोठ्याने लावतात की, गणपती विसर्जनाची आठवण व्हावी. २००८ साली पेनांगच्या जॉर्जटाउनसह ह्या गावाची जागतिक वारशात नोंद झाली.

पण आपल्याला जवळचा वाटेल तो इतिहास निराळाच. पोर्तुगीजांच्या अल्बुकर्कने १५१० साली गोवा घेतला आणि लगेच पुढल्या वर्षी, १५११ मध्ये, मलाक्का घेतले. १६४१ साली डचांनी ते त्यांच्याकडून काढून घेतले आणि १८२४ च्या तहाने ते इंग्रजांकडे गेले. टेकडीच्या पायथ्याशी पोर्तुगीजांच्या किल्ल्याची एक वेस आणि टेकडीवर एका चर्चचे उघडे भग्नावशेष शिल्लक आहेत. ज्या संत फ्रान्सिस झेवियरचे शव जुन्या गोव्यात ठेवलेले आहे, ते १५५३ साली गोव्याला नेण्यापूर्वी काही महिने ह्याच चर्चमध्ये पुरलेले होते. गोवा मुक्त व्हायला १९६१ साल उजाडावे लागले, मलाक्का पोर्तुगीजांच्या हातून त्याआधी तीनशेवीस वर्षे सुटले होते. तरी आजही त्या गावाच्या एका वस्तीत पोर्तुगीज वंशाचे कोळी राहतात आणि त्यांची पोर्तुगीज-मलाय मिश्र बोली म्हातारी माणसे अजून बोलतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही ‘सोनार गल्ली’त गेलो. रस्त्याचे मलाय नाव ते, त्याचा अर्थच तो. ह्या गल्लीत विनायकाचे एक देऊळ आहे, १७८१ सालचे. मलेशियातल्या सर्वांत जुन्या हिंदू देवळांत त्याची गणना होते. त्याला लागून मशीद, आणि पुढे थोड्याच अंतरावर चिन्यांचे देऊळ. तिघेही शेजारी शतकानुशतके नांदत आहेत. गणेश चतुर्थी आठवड्यावर आली होती. मी गाभाऱ्यापुढे उभी राहून हळू आवाजात आरती म्हटली. नातीनेही माझ्याबरोबर सगळी आरती घडाघडा म्हटली. एक शब्द चुकली नाही. मला धन्य वाटले.

हे देऊळ ज्यांच्या पूर्वजांनी उभारले त्यांना तेथे ‘चेट्टी’ म्हणतात. त्यांची वस्ती गावात थोडी पुढे आहे, तेथे त्यांचे लहानसे संग्रहालयही आहे. दुपारी आम्ही तेथे गेलो. तेथल्या मारिअम्मनच्या देवळाशी (मारिअम्मन म्हणजे आपली मरीआईच म्हणा ना!) एक वृद्ध बाई फुले निवडीत बसल्या होत्या. कपाळाला भस्म, पण नेसण मलाय, म्हणजे खाली लुंगीसारखे सारोंग आणि वर नाजूक भरतकामाची केबाया. मी नमस्कार केला, त्यांनी हसून केला. त्यांना मलाय आणि इंग्रजी येई, मला मराठी आणि तुटकीफुटकी हिंदी. मग दुभाषी कोण? आमची नात! आयुष्यात प्रथमच तिच्या मराठीला काम मिळाले. बाई इंग्रजीत सांगत, ती मला मराठीत सांगे. जेथे अडे तेथे ती माझ्याकडेच वळून विचारी, ‘‘आजी, अॅन्सेस्टर्सना काय म्हणतात?’’ मी म्हणे, ‘‘पूर्वज.’’ मग ती पुढे जाई.

त्या बाईंनी जे सांगितले ते असे. त्यांचे पूर्वज तमिळ देशाचे व्यापारी. मलाक्क्यात सुलतानांचे राज्य होते तेव्हा, म्हणजे पोर्तुगीज यायच्याही आधी, ते तेथे आले. बरोबर बायका आणल्या नव्हत्या, म्हणून त्यांनी तेथल्याच मुलींशी लग्ने केली. आया मलाय बोलत, म्हणून मुले मलाय बोलू लागली. देव मात्र बापाचेच राहिले. आज पाचशेहून अधिक वर्षे झाली, ही मंडळी शिवाची पूजा करतात, भोगी पाळतात. होय, आपल्यासारखीच भोगी, संक्रांतीच्या आदल्या दिवशी! त्या दिवशी केळीच्या पानावर पूर्वजांना जेवण वाढतात. पण घरातली भाषा मलाय. तमिळ गेली.

मी नातीला म्हटले, ‘‘त्यांना विचार, पूजेला काय म्हणतात?’’ बाई म्हणाल्या, तमिळ स्तोत्रे म्हणतो, लहानपणीच पाठ केलेली आहेत. ‘‘अर्थ?’’ त्या थोड्या थांबल्या. मग म्हणाल्या, ‘‘अर्थ पुजारी सांगतो तेवढा. शब्द आमच्या ओठांवर आहेत, पण आमच्याशी बोलत नाहीत.’’ हे त्यांनी तक्रार म्हणून सांगितले नाही. त्यांना आपल्या समाजाचा अभिमान होता, आणि तो यथार्थ होता. इतक्या राज्यांच्या उलथापालथीत मूठभर माणसांनी आपले देव आणि आपले सण राखले, हे काय थोडे झाले? पण नातीने ते वाक्य मला मराठीत सांगितले आणि ती गप्पच झाली. थोड्या वेळाने म्हणाली, ‘‘आजी, सकाळच्या आरतीचा अर्थ मलापण माहीत नाही. मीपण तशीच म्हणते का?’’

बायांनो, मी इतके दिवस मुलाशी वाद घालीत होते, पण इतका नेमका प्रश्न मला सुचला नव्हता. देवळाच्या पायरीवर बसून मी तिला आरतीच्या एकेका शब्दाचा अर्थ सांगितला. पाऊस आला, तरी आम्ही उठलो नाही. मुलगा आणि सूनबाई मागे उभे राहून ऐकत होती.

त्या रात्री जेवणे झाल्यावर घरची सभा भरली. तेथला एक थंड गोड पदार्थ, चेंडोल, सगळ्यांच्या पुढे होता. नारळाचे दूध, हिरव्या शेवया, बर्फ आणि वर माडाचा काळा गूळ. मुलाने आपली बाजू पुन्हा मांडली, ओझे हे ओझेच आहे असे सांगितले. सूनबाई म्हणाली, ‘‘मराठीचा अभ्यास नको, परीक्षा नको, वही नको. पण जेवणाच्या टेबलावर मराठीखेरीज बोलायचे नाही, एवढे करता येईल ना?’’ ह्यांनी दुजोरा दिला. मुलगा हसून म्हणाला, ‘‘तेवढे चालेल. पण मग मलाही इंग्रजी सोडावी लागेल!’’ कारण खरी गोष्ट ही की, नातीपेक्षा जास्त इंग्रजी तोच बोलत असे. नातीने आपली अट घातली, ‘‘आजी कन्हानला गेली की तिने मला पत्र लिहायचे. खरेखुरे, पाकिटातले.’’

तिसऱ्या दिवशी आम्ही परतलो. सीमेवर पुन्हा तीच रांग, पुन्हा तेच ठसे. ह्या खेपेस आजोबांची बोटे पुसायला ओला रुमाल घेऊन नात तयारच होती.

आता पुढे काय झाले तेही सांगते, नाही तर तुम्हांला वाटेल की एका सहलीत चमत्कार झाला. तसे काही झाले नाही. जेवणाच्या टेबलावरचा नियम कधी पाळला जाई, कधी मोडे. पण मोडला की नातच दंड मागे. एक मोठी सोय अशी झाली की, हिंदीमुळे तिला देवनागरी अक्षरे आधीच येत होती. तिला नवे शिकायचे होते ते मुख्यतः एकच अक्षर, ‘ळ’. शाळेच्या हिंदीत तो नाही. त्यामुळे तिच्या पहिल्या पत्रात ‘मी केळे खाल्ले’ ह्याऐवजी ‘मी केले खाल्ले’ असे होते. ह्यांनी ते पत्र जपून ठेवले आहे. आम्ही परतल्यापासून मी दर पंधरवड्याला तिला पत्र लिहिते. कन्हान नदीला पूर आला, अंगणातल्या सीताफळाला फळ धरले, रामटेकला कार्तिकी पौर्णिमेची जत्रा भरली, असे काहीबाही. उत्तर दर वेळी येतेच असे नाही. कधी मोबाइलवर इंग्रजीत निरोप येतो. मी त्याला मराठीतच उत्तर देते.

आपल्यातली कोणी म्हणेल, ‘‘परदेशी गेलेल्यांचे हे दुखणे, आम्हांला काय त्याचे?’’ तर जरा आजूबाजूला पाहा. आपल्या ह्या कन्हानमधून किती मुले पुण्याला, हैदराबादला, बंगळूरला गेली! तेथली नातवंडे तरी आजीशी कोणत्या भाषेत बोलतात? आणि परदेशी गेले की भाषा जातेच, असेही नाही. तंजावरला मराठे सतराव्या शतकात गेले. आज साडेतीनशे वर्षांनंतरही तेथल्या कित्येक घरांत जुन्या वळणाची मराठी बोलतात, कारण ती चुलीपाशी बोलली गेली. मॉरिशसला आपले लोक एकोणिसाव्या शतकात मजूर म्हणून गेले. तेथे घरात क्रिओल शिरली, पण मराठी शाळांतून शिकवली जाते आणि गणेश चतुर्थीला देशभर सुटी असते. कोकणातले बेने इस्रायली इस्रायलला गेले, तर त्यांनी तेथे मराठीत नियतकालिक चालवले. म्हणजे भाषा राहते की जाते, हे अंतरावर नाही. रोज कोणी तरी ती मुलाशी बोलते की नाही, ह्यावर ते आहे. मलाक्क्याच्या चेट्टींच्या घरांत आयांची भाषा टिकली, हे विसरू नका. घराची भाषा शेवटी बाईच्या हाती असते, ही आपल्यावरची जबाबदारीही आहे आणि आपल्या हातातली ताकदही.

आम्ही सहलीहून परतलो आणि महिन्याभरात, ३ ऑक्टोबर २०२४ रोजी, केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. आम्ही सिंगापूरच्या घरी पुरणपोळी केली. आनंद झालाच. पण नातीने विचारले, ‘‘आता मराठीला गुण मिळतील का?’’ मी म्हटले, ‘‘नाही गं बाई, गुण नाही मिळणार. पण तू आजोबांच्या हातावरच्या रेषा कशा झिजल्या हे त्यांना विचारशील, आणि ते काय सांगतात ते तुला समजेल.’’ ती लगेच विचारायला गेली, आणि हे तासभर खाणीच्या गोष्टी सांगत बसले.

तेव्हा माझी मंडळाला एक नम्र सूचना आहे. महिन्यातल्या एका शनिवारी, हळदीकुंकू वा भिशी काही का असेना, आपण जमतोच. त्या दिवशी अर्धा तास राखून ठेवू. प्रत्येकीने दूर असलेल्या एका नातवंडाला, भाच्याला वा भाचीला मराठीत एक पत्र लिहावे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी सांगावे, आम्ही लिहून घेऊ. अक्षर मोठे काढावे, वाक्ये लहान लिहावी, उपदेश मुळीच करू नये आणि शेवटी एक प्रश्न अवश्य विचारावा, म्हणजे उत्तर द्यावेसे वाटते. पाकिटांचा आणि तिकिटांचा पहिल्या वर्षाचा खर्च आमच्या ह्यांनी देऊ केला आहे. कार्यकारिणीने ह्याचा विचार करावा.

चिटणीसबाई घड्याळाकडे पाहू लागल्या आहेत. आपली रजा घेते.